जर्मनीतला कैदी, टोब्रुकची वाट

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने पकडून ठेवलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांत मराठी शिपाईही होते. हिंदी लष्करातला जवान शत्रूच्या वहीत ब्रिटिशांचाच सैनिक म्हणून लिहिला जाई. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या घरात अशा माणसाची आठवण उरली असलीच, तर ती बहुधा एवढीच असते: आजोबा जर्मनीत कैदेत होते. मग नातवंडं शोधाला लागली की थेट जर्मनीतली दफ्तरं धुंडाळू पाहतात. माझ्या मते शोध भरकटतो तो इथेच. बहुतेकांच्या बाबतीत जर्मनी हा कैदेचा शेवटचा टप्पा होता. धागा हाती लागतो तो उत्तर आफ्रिकेत. २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडलं आणि तीस हजारांहून अधिक सैनिक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती सापडले. त्यांत अकराव्या हिंदी ब्रिगेडमधली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, म्हणजे ‘काली पांचवी’, होती. पकडलं जर्मनांनी, तरी आफ्रिकेतले कैदी सांभाळायची जबाबदारी इटलीची होती. म्हणून ही माणसं समुद्रापार इटलीच्या छावण्यांत गेली. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली, तेव्हाच्या गोंधळात काहीजण डोंगरांत निसटले. बाकीच्यांना जर्मनांनी रेल्वेच्या डब्यांत कोंडून उत्तरेकडे नेलं. तिथूनही सगळे जर्मनीतच राहिले असं नाही. पूर्व फ्रान्समधल्या एपिनालला हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांच्या बाँबवर्षावात तिच्या भिंती कोसळल्या. कैदी मेलेही, पण सुमारे पाचशे जण फ्रेंच खेडुतांच्या आधाराने चालत स्वित्झर्लंडला पोचले. इतक्या मोठ्या सुटकेची आपल्या शाळेच्या पुस्तकांत एक ओळही असू नये, याचं मला वाईट वाटतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, मग निजामाच्या रयतेचा ब्रिटिशांच्या पलटणीशी काय संबंध? मराठा पलटणींची मुख्य भरती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची, हे खरंच आहे. पण सरहद्द ओलांडून भरती होणं अशक्य नव्हतं आणि लष्कराला बंदूकवाल्यांइतकेच ड्रायव्हर, स्वयंपाकी, खेचरवाले लागत; तेही कैद झाले. हा आक्षेप शोधाला उलट मदतच करतो. आजोबा निजामाच्या स्वतःच्या फौजेत असतील, तर पहिली हैदराबाद इन्फंट्री डिसेंबर १९४१ मध्ये मलायातल्या कोटा भारूला जपान्यांसमोर होती, हे ध्यानात घ्यावं लागेल. मग जर्मनीचा नाद सोडून पूर्वेकडेच पाहायला हवं. पत्त्याचाही असाच घोळ होतो. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादेत. आजचा जिल्हा घेऊन जुन्या यादीत शोधणारा रित्या हाताने परत येतो आणि नावच नाही असं समजतो.

दुसरा आक्षेप जास्त भावनेचा आहे: ते नेताजींच्या फौजेत गेले असणार, म्हणून सरकारी कागदांत सापडत नाहीत. असे लोक होते आणि त्यांच्याबद्दल आदरच आहे. हैदराबादचे आबिद हसन तर फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजींसोबत पाणबुडीने कीलहून निघाले. पण हिशेब मांडून पाहा. युरोपात शत्रूच्या कैदेत पंधरा हजारांवर हिंदी सैनिक होते आणि नेताजींच्या तिथल्या फौजेत, म्हणजे आझाद हिंद लीजनमध्ये, गेले सुमारे तीन हजार. शिवाय काही कैदी आधीच जर्मनांच्या हवाली झाले असले, तरी सप्टेंबर १९४३ नंतर इटलीतून आलेल्यांपुढे तो रस्ता फारसा उरला नव्हता. लीजन तोवर जर्मनीबाहेर, अटलांटिकच्या किनाऱ्याकडे गेली होती. म्हणून पुरावा नसताना आजोबांना लीजनमध्ये घालणं म्हणजे तारेच्या कुंपणामागे उपास काढलेल्या हजारोंना विसरणं होय.

आता घरात कागदच नाहीत, ही अडचण उरते आणि ती खरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा-निलंग्याकडची घरं जमीनदोस्त केली, त्यांत किती ट्रंका गेल्या असतील! तरी एखादं पदक तेवढं राहिलेलं असू शकतं. उत्तर आफ्रिकेतल्या लढाईसाठी मिळालेलं आफ्रिका स्टार हे सहा टोकांचं पितळी रंगाचं पदक. फिक्या वाळूच्या रंगाच्या फितीवर मधोमध लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी आणि दुसऱ्या बाजूला फिकी निळी रेघ. ते उलटं करून भिंगाखाली धरावं. ब्रिटिश शिपायांना हे पदक कोरं मिळे, पण हिंदी शिपायांच्या पदकामागे बरेचदा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. तो क्रमांक हाती आला की बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला नेमकं विचारता येतं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी इंटरनेटवर खुली आहे. तिच्यात १९४७ अखेरपर्यंतच्या मृतांची नावं आहेत आणि पुष्कळदा वडिलांचं नाव व गावही. तिथे वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधूनही नाव मिळालं नाही, तर माणूस कैदेतून जिवंत सुटला असण्याची शक्यता वाढते. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या दफ्तरात कैद्यांच्या नोंदी आहेत, कारण १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद करणाऱ्या देशाला त्या तटस्थ संस्थेकडे पाठवाव्या लागत. तिथे अर्ज ठरावीक काळात आणि मोजकेच घेतात. त्यात नुसतं ‘मारुती, वडील ग्यानोबा’ एवढं लिहून भागणार नाही. पलटण, क्रमांक आणि पकडल्याची तारीख द्यायला हवी. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी महायुद्धातल्या जवानांच्या घरी जाऊन अशा पदकांच्या मागच्या बाजूचे फोटो आताच काढून ठेवावेत. भंगारात वा सराफाकडे गेलेलं पदक पुन्हा त्या घरी येत नाही.