पावलं मोजणारी चटई

टेडच्या जगप्रसिद्ध मंचावर आपल्या नाशिकचा निलय कुलकर्णी बोललाय, ठाऊक होतं का? विषय होता गर्दी. नाशिकच्या २००३च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाताना चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. २०१५च्या सिंहस्थाआधी अमेरिकेतल्या एमआयटीतले रमेश रासकर (मूळचे आपलेच, नाशिकचे!) यांनी कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणारा 'कुंभथॉन' उपक्रम उभा केला आणि शाळकरी निलय तिथे पोचला. त्याच्या गटाची 'आशिओतो' चटई वाटेत अंथरायची. पाऊल पडलं की दाबाची नोंद होते, आकडा लगेच पुढे जातो. गर्दी कुठे तुंबतेय ते वेळेत कळतं. मला सर्वांत आवडलं ते हे, की चटई माणसं मोजते, चेहरे टिपत नाही. भाषण इंग्रजीत आहे, यूट्यूबवर सापडेल. घरातल्या पोरांना नक्की दाखवा.