कॅफेसाठी बिया घेताना भाव नंतर, तारीख आधी

चिंचवडमध्ये छोटा कॅफे काढणारे बरेचजण बियांचा पुरवठादार किलोच्या भावावरून ठरवतात. माझ्या मते आधी पाकिटावरची रोस्टिंगची तारीख बघावी. चिखलदऱ्याची थोडीशी कॉफी सोडली, तर आपल्याकडचा माल बहुतेक कर्नाटकातला, चिकमगळूर-कोडगूकडचा. कच्च्या बिया नीट ठेवल्या तर महिनोन्‌महिने टिकतात. भाजलेल्या काही आठवड्यांतच सुगंध गमावतात, त्यात आपला दमट पावसाळा. म्हणून दर आठवड्याला पाच किलो ताजा माल देणारा रोस्टर, स्वस्तात पोतं गळ्यात मारणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

"परवडणार कसं?" हिशेब करा. डबल शॉटला 18 ग्रॅम धरले, तर किलोत साधारण 55 कप होतात. किलोमागे 200 रुपये जास्त गेले, तरी कपामागे चार रुपयेही वाढत नाहीत. शिळ्या बियांचा शॉट भसाभस उतरतो, वरचा क्रेमा लगेच विरतो. असा एक कप ओतून द्यावा लागला की बचत तिथेच संपली. "दूध-साखरेत कुणाला कळतंय?" असंही म्हणतात. दुधासाठी रोबस्टा मिसळलेलं, जरा गडद भाजलेलं ब्लेंड खुशाल घ्या, पण शिळेपणा दुधातही लपत नाही. नमुना मागवून आपल्याच मशीनवर, आपल्याच दुधात चाखा. आणि तारीख सांगायला का-कू करणाऱ्याकडून माल घेऊच नका.