गुत्त्याचे गणित

काळ, काम आणि वेग हे तीन शब्द उच्चारले की चांगल्या शिकलेल्या माणसालाही शाळेतील जुनी धास्ती आठवते. इतके मजूर इतक्या दिवसांत एक भिंत बांधतात, तर तितके मजूर किती दिवसांत बांधतील, या प्रश्नाचे उत्तर पाठ केलेल्या सूत्राने काढावयाचे आणि परीक्षा संपताच विसरावयाचे, असा आपल्याकडील रिवाज आहे. तलाठी वा पोलीस भरतीच्या तयारीस लागलेला तरुण हीच उदाहरणे पुन्हा उघडतो. पण तेव्हाही त्याला हवी असते ती झटपट युक्ती. या भिंतीवर राबलेल्या मजुराच्या मजुरीचे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

वास्तविक ही उदाहरणे शेतातूनच पुस्तकात आलेली आहेत. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील वाटूरचा परिसर घ्या. कपाशी आणि सोयाबीन ही इकडची पिके. कपाशीची वेचणी किलोच्या भावाने होते, तर सोयाबीनची काढणी पुष्कळदा एकरी गुत्त्याने दिली जाते. गुत्ते म्हटले की क्षेत्रफळ आले आणि टोळी म्हटली की कामाचा वेग आला.

समजा, एक शेत कापावयास आठ जणींच्या टोळीला ३ दिवस लागतात आणि चार जणींच्या टोळीला ६ दिवस. दोन्ही टोळ्या मिळून लागल्या तर? ३ आणि ६ यांची सरासरी काढून साडेचार दिवस असे लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात भेटतात. मदतीला माणसे आली आणि काम लांबले, हे विपरीत त्यांना जाणवत नाही. कारण बेरीज दिवसांची नव्हे, एका दिवसाच्या कामाची करावयाची असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. एका दिवसात पहिली टोळी शेताचा तिसरा हिस्सा कापते, दुसरी सहावा. मिळून निम्मे शेत. म्हणजे काम २ दिवसांचे. आता गुत्ते ९,००० रुपयांचे असेल आणि दोन टोळ्यांत ते निम्मेनिम्मे वाटले, तर मोठ्या टोळीतील बाईच्या हाती ५६२ रुपये ५० पैसे पडतील आणि लहान टोळीतील बाईच्या हाती १,१२५. काम मात्र दोघींचे सारखेच! न्याय्य वाटणी प्रत्येकी ७५० रुपयांची आहे, आणि ती त्रैराशिकाशिवाय सापडत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त हेच तत्त्व आहे. चार झरे एक हौद अनुक्रमे एक दिवस, अर्धा दिवस, तिसरा भाग आणि सहावा भाग एवढ्या वेळात भरतात; चारही एकदम सोडले तर ते तो दिवसाच्या बाराव्या भागात भरतील. त्याच ग्रंथात, लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आचार्यांनी पिशाच म्हटले आहे आणि ते सांगू पाहणाऱ्याला त्याहूनही थोर पिशाच! ही थट्टा आजही लागू पडते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची रीत खेडोपाडी चालते. ३३० फूट आणि २६४ फूट बाजूंचे शेत काटकोनात असेल तर ते ८० गुंठे, म्हणजे बरोबर दोन एकर भरते. पण तेच शेत तिरके असून दोन लांब बांधांमधील सरळ अंतर २३१ फूट असेल, तर ते ७० गुंठेच आहे. या रीतीचे उत्तर कधी कमी येत नाही. चुकले तर जास्तच येते. गुत्त्यात हे दहा गुंठे मालकाच्या अंगावर येतात, आणि शेत ठोक्याने केले असेल तर कसणाऱ्याच्या.

मोजमापाशी मजुराचे पोट किती घट्ट बांधलेले असते, हे महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात पाहिले. त्यातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कामांवर मजुरी हजेरीबरोबरच खोदलेल्या मातीच्या मापाशी जोडलेली होती. मऊ माती, कठीण मुरूम, माती किती दूर वाहावयाची आणि किती उंच चढवावयाची, यांप्रमाणे दर निरनिराळे. दोन मीटर लांबी-रुंदीचा, एक मीटर खोल खड्डा ४ घनमीटरांचा. लांबी-रुंदी दुप्पट केली आणि खोली तेवढीच ठेवली तर तो १६ घनमीटरांचा होतो. ‘दुप्पट खड्डा, दुप्पट मजुरी’ असे कोणी सांगितले आणि मजुराने मान हलविली, तर त्याची निम्मी कमाई तिथेच बुडाली.

या गणितालाही मर्यादा आहेत, आणि त्याही शिकविल्या पाहिजेत. सर्व मजूर सारख्या वेगाने राबतात, सकाळचा हात आणि दुपारचा हात सारखाच चालतो, हे पुस्तकाचे गृहीत आहे. दहा माणसे जी विहीर शंभर दिवसांत खोदतील, ती हजार माणसे एका दिवसात खोदू शकत नाहीत. तळाशी तेवढी जागाच नसते. सूत्र कोठे थांबते हे ज्याला कळले, त्यालाच सूत्र कळले.

म्हणून शिक्षकांनी सूत्राआधी शेत दाखवावे. विद्यार्थ्यांनी टेप घेऊन एखादा तिरका बांध मोजावा, लंब टाकून दोन उत्तरांतील फरक गुंठ्यांत काढावा, आणि गुत्त्याची वाटणी कागदावर मांडावी. ज्यांच्या घरची माणसे टोळीत जातात त्या मुलांना या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेपुरते नको आहे. हिशेब ज्याला येतो त्याच्या हाती माप राहते. ज्याला येत नाही त्याला दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवावा लागतो.