भंगार, रद्दी आणि कचरा : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा, ही गोष्ट पुण्यातील बहुसंख्य कुटुंबांच्या आता अंगवळणी पडली आहे, आणि ती पडावी यासाठी महानगरपालिकेने, कचरावेचकांच्या संघटनेने व वस्त्यावस्त्यांतील कार्यकर्त्यांनी घेतलेले परिश्रम कृतज्ञतापूर्वक मान्य केलेच पाहिजेत. परंतु सुक्या कचऱ्याच्या डब्यात जे जे पडते ते ते कोठल्यातरी कारखान्यात जाऊन नवे रूप धारण करते, अशी जी समजूत या सवयीच्या आधाराने दृढ झाली आहे, ती वस्तुस्थितीला धरून नाही. एखाद्या जिनसेवर पुनर्प्रक्रिया होणार की नाही, हे तीन बाबींवर ठरते : ती एकजिनसी आहे काय, ती स्वच्छ व कोरडी अशी हाती येते काय, आणि निवडणी व वाहतूक यांचा खर्च वजा जाता ती विकत घेणारा कोणी आहे काय. यांपैकी पहिली बाब उत्पादकाच्या व तिसरी बाजाराच्या स्वाधीन असली, तरी दुसरीचा निकाल आपल्या स्वयंपाकघरातच लागतो.

गैरसमज : त्रिकोणी बाणांचे चिन्ह असलेले प्रत्येक प्लास्टिक पुन्हा उपयोगात येते.

वस्तुस्थिती : हे आकडेवजा चिन्ह अमेरिकेतील प्लास्टिक उद्योजकांच्या संघटनेने १९८८ साली प्रचारात आणले, आणि त्यातील १ ते ७ या आकड्यांचे प्रयोजन ते प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे एवढे सांगण्यापुरतेच आहे, पुनर्प्रक्रियेची हमी त्यात कोठेही नाही. पाण्याच्या बाटलीचे पेट (१), शाम्पूच्या बाटलीचे जाड पॉलिथिन (२), दुधाच्या पिशवीचे पातळ पॉलिथिन (४) आणि डब्यांचे पॉलिप्रॉपिलीन (५) यांना भंगाराच्या बाजारात गिऱ्हाईक आहे. पीव्हीसीची (३) गोष्ट निराळी : पेट वितळण्यास सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत पीव्हीसीचे विघटन होऊन त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटत असल्यामुळे, त्याच्या थोड्याशा भेसळीनेही पेटचा सगळा घाणा नासतो. कुकरच्या मुठीचे बेकेलाइट आणि मेलामाइनच्या ताटल्या तर कितीही तापवल्या तरी वितळत नाहीत, अखेर करपतात. सबब त्यांतून दुसरी वस्तू ओतता येत नाही.

दुधाच्या पिशवीचेच उदाहरण घ्या. ती फोडताना कोपऱ्याचा जो इवलासा त्रिकोण आपण कापून टाकतो, तो इतका लहान असतो की निवडणाऱ्याच्या बोटांना तो सापडत नाही आणि शेवटी गटारात किंवा मातीत जातो. कोपरा पूर्ण न तोडता नुसती चीर द्यावी, रिकामी पिशवी विसळून दोरीवर वाळवावी, आणि अशा पिशव्या साठवून एकत्र द्याव्यात. न विसळलेली पिशवी दोन दिवसांत आंबते व तिचा भाव पडतो.

गैरसमज : वेफर्स-बिस्किटांचे चकचकीत पुडे धातूचे असल्याने ते भंगारात चालतात.

वस्तुस्थिती : हे पुडे निरनिराळ्या प्लास्टिकचे थर एकमेकांस चिकटवून व त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिशय विरळ लेप देऊन बनविलेले असतात, आणि हे थर पुन्हा विलग करणे कष्टाचे व खर्चाचे असल्यामुळे भंगारवाला त्यांना हात लावीत नाही. परीक्षा सोपी आहे : मुठीत चुरगळून सोडल्यावर जो पुडा पुन्हा उलगडतो तो प्लास्टिकचा, आणि जो चुरगळलेलाच राहतो तो धातूच्या पत्र्याचा. खऱ्या ॲल्युमिनियमचे मोल मोठे आहे. खनिजापासून नवा धातू काढण्याच्या मानाने जुना वितळवून घेण्यास सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. वेफर्सच्या पुड्यांपासून गॉगल तयार करण्याचा स्तुत्य प्रयोग २०२३ साली पुण्यातच झाला, त्यावरून हे काम अशक्य नाही असे दिसते. तथापि तूर्त यांतील पुष्कळसा माल सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाळला जातो, आणि जाळणे म्हणजे पुनर्प्रक्रिया नव्हे.

गैरसमज : कागद तेवढा सगळा रद्दीत जातो.

वस्तुस्थिती : कागदाचा लगदा पाण्यात होतो आणि तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून तेलकट पुठ्ठा लगद्यात डाग व चिकटपणा आणतो. पिझ्झाच्या खोक्याचे कोरडे झाकण फाडून रद्दीत द्यावे व तेलकट तळ ओल्या कचऱ्यात टाकावा. दुकानातील बिलांचा उष्णतेने उमटणारा कागद रसायनांच्या लेपामुळे, चहाचे कागदी पेले आतील प्लास्टिकच्या अस्तरामुळे, आणि लॅमिनेशन केलेल्या लग्नपत्रिका त्यांवरील पापुद्र्यामुळे रद्दीत निरुपयोगी ठरतात. शिवाय दर खेपेस कागदाचे तंतू आखूड होत जातात. पाच-सात आवर्तनांनंतर त्यांचा कागद बनत नाही.

उलट, फळांच्या रसाची टेट्रापॅकची खोकी निरुपयोगी समजून अनेकजण फेकतात, त्यांत वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश भाग चांगल्या कागदाचा असतो. तो पाण्यात घुसळून वेगळा काढतात, आणि उरलेल्या प्लास्टिक-ॲल्युमिनियमचे दाबून तक्ते करतात. मात्र ती विसळून, चपटी करून, स्वतंत्र द्यावी लागतात.

गैरसमज : काच ती काच, फुटलेली कोणतीही चालते.

वस्तुस्थिती : बाटल्यांची काच गुणवत्ता न गमावता कितीही वेळा वितळवता येते, हे खरे, परंतु ओव्हनमधील उष्णतारोधक भांड्यांच्या काचेची घडण भिन्न असून ती अधिक उष्णतेला मऊ होते, आरशाला धातूचा मुलामा असतो, आणि चिनी मातीच्या कपबशीचा तुकडा भट्टीत न विरघळता नव्या बाटलीत खड्यासारखा राहून तेथेच तिला तडा जातो. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती घातक कचऱ्यातच द्यावी. अखंड बाटली तर वितळवण्याची आवश्यकताच नाही. ती धुऊन पुन्हा भरता येते, म्हणून ती फोडू नये.

गैरसमज : थर्माकोलवर पुनर्प्रक्रिया होते, म्हणून मखरासाठी तो वापरण्यास हरकत नाही.

वस्तुस्थिती : थर्माकोल हे पॉलिस्टायरिन असून रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते वितळवता येते. पण त्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग हवेचा. टेम्पो भरून माल नेला तरी वजन नगण्य भरते, आणि वाहतुकीचा खर्चही वसूल होत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, ती योग्यच होती.

गैरसमज : ‘विघटनशील’ असे छापलेली पिशवी कुंडीत टाकली की तिचे खत होते.

वस्तुस्थिती : अशा बहुतेक पिशव्यांना कुजण्यासाठी औद्योगिक खतप्रकल्पातील सुमारे ६० अंशांची सातत्यपूर्ण उष्णता लागते, ती गच्चीतील कुंडीत मिळत नाही, आणि ही पिशवी साध्या प्लास्टिकमध्ये मिसळली, तर त्या प्लास्टिकचाही दर्जा खालावतो.

गैरसमज : शेवटी सगळे एकाच गाडीत जाते, मग वेगळे करण्याचा खटाटोप कशाला?

वस्तुस्थिती : पुण्यापुरता तरी हा आक्षेप कचरावेचकांच्या श्रमांवर अन्याय करणारा आहे. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने १९९३ साली येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्याच चळवळीतून निघालेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. या कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. घरांकडून मिळणारे मासिक शुल्क आणि निवडलेल्या भंगाराची विक्री, या दोहोंवर त्यांची मिळकत अवलंबून असते. खरकट्याने माखलेला कागद किंवा वरणाने भरलेला डबा आपण सुक्यात टाकतो, तेव्हा आपण त्यांच्या मिळकतीतून तेवढी रक्कम कापून घेतो. आणि जे विकले जात नाही त्याचा भार कोणावर पडतो, याची साक्ष पुण्याच्या कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे दुर्गंधी व दूषित पाणी सोसून दिली आहे.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन वर्ग सांगितले होते. डायपर व सॅनिटरी नॅपकिन यांवर सहसा पुनर्प्रक्रिया होत नाही. ते कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून स्वतंत्र द्यावेत, म्हणजे निवडणाऱ्याचा हात त्यात जाणार नाही. सुया, कालबाह्य औषधे व बॅटऱ्या यांचीही तजवीज निराळी करावी. फुटलेली काच जाड कागदात बांधून तिच्यावर तसे लिहावे.

‘होईल याचे काहीतरी’ अशा आशेने निरुपयोगी वस्तू सुक्यात टाकणे, ही सदिच्छा असली तरी तिने चांगला मालही बिघडतो. ज्याला गिऱ्हाईक नाही अशी वस्तू मुळात घरी आणू नये. जी आणली ती शक्य तितके दिवस वापरावी. आणि जी द्यावयाची ती विसळून, वाळवून, वेगळी करून द्यावी. दुधाच्या पिशवीपासून आजच आरंभ करावा, एवढीच वाचकांस विनंती आहे.