पाटी बदलली, पण कोणती?

‘‘अहो ताई, मी वाचून मगच जुना फोन दिला हो दुकानात!’’

सासवडच्या एका बचतगटाच्या अध्यक्षबाई फोनवर सांगत होत्या. नवा फोन घेतला, आमचं अ‍ॅप उतरवून घेतलं, उघडलं... तर हिशेबाचं पान कोरं. चौदा बायकांचा सात महिन्यांचा हिशेब! जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. आणि त्यांनी वाचलं होतं ते वाक्य माझ्याच हातचं होतं, ‘फोन बदलला तरी हिशेब सुरक्षित.’

थोडं मागे जाऊन सांगते. मी निवृत्त बँक कर्मचारी, भाची कॉम्प्युटरवाली. दोघींनी मिळून बचतगटांसाठी हे छोटंसं अ‍ॅप केलं. मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, एवढंच. सुरुवातीला सगळ्यांचा हिशेब आम्ही आमच्या सर्व्हरवर जपून ठेवायचो. पण त्याचं भाडं परवडेना, शिवाय बायकांच्या पैशांची माहिती आपल्याकडे साठवायची भीतीही वाटायला लागली. म्हणून ती सोय बंद केली. त्या वेळी अ‍ॅपमध्ये सूचना दिली आणि गूगल प्लेवरच्या माहितीतलं ते वाक्यही मी स्वतः बदललं. ‘फोन बदलण्याआधी हिशेबाची फाईल काढून ठेवा,’ असं लिहिलं. मग हे जुनं वाक्य परत आलं कुठून?

प्लेवरचं अ‍ॅपचं पान म्हणजे दुकानाची पाटीच. नाव, छोटी ओळख, सविस्तर माहिती, चित्रं. प्रत्येक भाषेसाठी वेगळी. गूगलच्या संकेतस्थळावर जाऊन ही पाटी हाताने रंगवता येते. मी तेच करायचे. भाचीला मात्र ते किचकट वाटायचं. तिनं ‘फास्टलेन’ आणलं. फेलिक्स क्राउझे नावाच्या ऑस्ट्रियन तरुणानं २०१४ मध्ये सुरू केलेली ही मोफत साधनं. आपल्या कॉम्प्युटरवर प्रत्येक भाषेचा एक फोल्डर असतो, त्यात नावाची एक फाईल, ओळखीची एक, माहितीची एक. मराठीच्या फोल्डरचं नाव ‘एमआर-आयएन’. एक आज्ञा दिली की फोल्डरांत जे असेल ते सगळं प्लेवर जाऊन बसतं. ज्या भाषेचा फोल्डरच नाही, तिला हात लागत नाही.

मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू! एकदा तर त्यानं माझी फजितीही केली. ‘आमचा बचतगट: सोपा हिशेब, कर्ज, व्याज’ असं छान नाव मी दिलं आणि गूगलकडून नकार आला. नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, २०२१ पासून. पूर्वी ५० होती. मी बोटांवर मोजलं तर २५ भरत होती! भाची हसली, ‘‘मावशी, कॉम्प्युटर काना, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर सगळं वेगळं मोजतो.’’ ‘व्याज’ आपल्याला दोन अक्षरी, त्याला पाच. माझं नाव ३५ वर गेलं होतं. ‘कर्ज, व्याज’ काढून टाकावं लागलं. बँकेत जन्म गेलेल्या बाईला हे किती लागलं असेल, सांगा.

तर चूक अशी झाली. भाचीनं साधन बसवलं तेव्हा प्लेवरचा सगळा मजकूर एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. ती इंग्रजी तिथे फाईलमध्ये सुधारायची, मी मात्र मराठी थेट संकेतस्थळावर. सर्व्हर बंद झाला तेव्हाही तसंच झालं. नंतर एका रात्री तिनं इंग्रजीतला एक शब्द बदलला आणि आज्ञा दिली. इंग्रजी नवी गेली, सोबत एमआर-आयएनमधली जुनी मराठीही गेली. माझं वाक्य पुसलं गेलं. साधनानं सांगितलं तेच केलं, त्याचा काय दोष? पण इंग्रजी वाचणाऱ्यांना खरी पाटी दिसत होती आणि ज्यांच्यासाठी अ‍ॅप केलं, त्यांना खोटी. अडीच महिने! आम्ही दोघींपैकी कुणीही आपलं मराठी पान उघडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सासवडला गेलो. चौदाजणींची पासबुकं, गटाचं बँकेचं पुस्तक, कर्जाच्या चिठ्ठ्या, सगळं सतरंजीवर मांडलं. दोन दिवस लागले. कुणी रागावलं नाही, उलट पिठलं-भाकरी वाढली. त्यानं जास्तच मेल्यासारखं झालं.

आता नियम केलाय. मराठी मीही फाईलमध्येच लिहिते, संकेतस्थळावर नाही. पाठवण्याआधी प्लेवरचा मजकूर वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून फाईलींशी ताडून पाहायचा. फास्टलेनमध्ये ‘नुसतं तपास, प्रसिद्ध करू नको’ अशीही सोय आहे, ती आधी वापरायची. तिनं अक्षरमर्यादेसारख्या चुका कळतात. वाक्य खरं की खोटं, ते मात्र तिला कळत नाही. म्हणून भाची रात्री फोन लावते आणि मी मराठी पाटी तिला मोठ्यानं वाचून दाखवते. ती कंटाळते, पण ऐकते.

सासवडच्या हिशेबात शेवटपर्यंत दोनशे रुपये जुळले नाहीत. ‘‘राहू द्या हो ताई,’’ बाई म्हणाल्या. मी नोट काढून पेटीत टाकली आणि त्यांच्या नव्या वहीत पहिली नोंद तीच लिहिली.