परसातला पोकळा

पालेभाजीची जोपासना म्हणजे तिला वेळेवर खतपाणी घालणे, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी कोल्हापुरातील परसबागा वर्षानुवर्षे न्याहाळल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, पालेभाजीची खरी निगा तिच्या खुडणीत आहे. आणि याचा प्रत्यय ज्या वाफ्यात सर्वांत लवकर येतो, तो वाफा पोकळ्याचा होय.

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. पंचगंगेकाठची मळीची जमीन सकस, पण पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबते, म्हणून तेथे गादीवाफा करावा. पन्हाळ्याकडच्या जांभ्या मातीत ओल ठरत नाही, म्हणून तीत कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. मेथी, शेपू, चाकवत व पालक यांची पेरणी दिवाळीच्या सुमारास करावी.

पोकळ्याचा स्वभाव मात्र या मंडळींहून अगदी निराळा. दिवस लांबू लागले व ऊन तापू लागले की पालक जून होऊन फुलोऱ्यावर जातो. उलट पोकळ्याला हिवाळ्यातले आखूड दिवस लाभले, तर तोच अकाली तुरे धरतो, आणि फाल्गुन-चैत्राच्या उन्हात, जेव्हा बाकीचे वाफे ओस पडतात, तेव्हा हा जोमाने वाढतो. याचे कारण असे की, ऊस, मका आणि जोंधळा यांच्याप्रमाणेच पोकळाही प्रखर उन्हातही हवेतील कर्बवायूचा पुरेपूर विनियोग करणाऱ्या वनस्पतींत मोडतो. उसाच्या या मुलखात त्याला कोणी परका मानू नये!

त्याचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे भरतात. म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून पेरावे, वर मातीचा केवळ पातळ थर द्यावा आणि झारीने हलके पाणी घालावे. रोपे दाट उगवतील तेथे विरळणी करावी. काढलेली कोवळी रोपे हीच पहिली भाजी. उरलेली वीत-दीड वीत वाढली की, खालची चार-पाच पाने राखून शेंडा खुडावा. शेंड्याची सत्ता संपताच पानांच्या बेचक्यांत दबून राहिलेले कोंब जागे होतात आणि एका दांड्याच्या जागी अनेक फांद्या उभ्या राहतात.

कपिलतीर्थ मंडईत सकाळी लवकर जाण्याचा मला नाद आहे. तेथे पोकळ्याच्या पेंड्या बहुधा मुळांसकट येतात. एकदा शेजारच्या खेड्यातून आलेल्या एका मावशींना घरच्या वाफ्याविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुळी उपटू नगासा, शेंडा खुडा, पंधरवड्यात परत भाजी हाय बघा." वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथातले एक प्रकरण त्या माउलीने एका वाक्यात सांगितले, असे मी मानतो. बाजारासाठी पिकवणाऱ्याला शेत मोकळे करण्याची घाई असते; परसबागेच्या धन्याला ती नसते, आणि हीच त्याची खरी दौलत.

पानाच्या खालच्या बाजूस पांढरे फोड दिसले, तर तो पांढरा तांबेरा समजावा. रोगट पाने तत्काळ काढून टाकावीत आणि पाणी सकाळी, बुडाशीच द्यावे. गुंडाळलेल्या पानांत अळी दडलेली असते. घरच्या वाफ्यात ती हाताने वेचण्याइतका उत्तम बंदोबस्त दुसरा नाही. या भाजीत ऑक्झॅलेटचे प्रमाण बरेच असल्याने मूतखड्याची व्यथा असणाऱ्यांनी वैद्याचा सल्ला घ्यावा. पाने उकळून ते पाणी टाकल्यास हा अंश कमी होतो.

चीन व व्हिएतनाम या देशांत याच कुळातील पानांचे पातळ सार करतात, आणि ते रुचकर असेलही; परंतु भिजवलेली हरभऱ्याची डाळ व लसणाची फोडणी यांच्या संगतीने केलेला पोकळा, शेजारी जोंधळ्याची ताजी भाकरी, यापुढे मी दुसरे काही मागणार नाही.

अखेरीस दोन-तीन जोमदार झाडे न खुडता बियांसाठी राखावीत. तुरे वाळले की ते कापडावर झोडपून काळे, चकचकीत बी पाखडून घ्यावे व कोरड्या डब्यात ठेवावे. ज्यांच्या परसात एक हात रुंदीची का होईना, पण उन्हाची जागा आहे, त्यांनी येत्या फाल्गुनात ती पोकळ्यास द्यावी, आणि वाढलेले बी शेजाऱ्यांना वाटावे.