ऊटीला दुसऱ्यांदा निघालात? चढताना रेल्वे, उतरताना रस्ता!

पहिल्या खेपेला बहुतेक जण ऊटीला गाडीने जाऊन येतात. पुन्हा जाताना चढायला निलगिरी रेल्वे घ्या.

🚂 मेट्टुपाळयम ते ऊटी अंतर फक्त 46 किमी, पण चढायला जवळजवळ पाच तास! कल्लार ते कुन्नूर चढ इतका तीव्र (12 फुटांत 1 फूट), की रुळांमधल्या दातेरी पट्टीत इंजिनाची दातेरी चाकं अडकतात. इंजिन पुढून ओढत नाही, मागून ढकलतं. कुन्नूरपर्यंतची लाइन 1899ची, ऊटीपर्यंतची 1908ची. 2005पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत.

🚗 उतरताना गुडलूर–मुदुमलै–बंदीपूरमार्गे म्हैसूर. वाटेतल्या जंगलात हत्ती, गवे, चितळ रस्त्यालगतही दिसतात. बंदीपूरचा रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 खासगी वाहनांना बंद असतो, म्हणून दुपारीच निघा.

✅ रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, जागा पटकन भरतात.
✅ स्वतःची गाडी नेणार असाल तर ऊटीसाठीचा ई-पास काढा.
✅ ऑक्टोबर–डिसेंबरच्या पावसात दरडींमुळे रेल्वे रद्द होऊ शकते, जानेवारी–मार्च उत्तम.

तुम्ही हा रेल्वेप्रवास केला असेल तर अनुभव कमेंटमध्ये नक्की लिहा!